सोसायटीचा ओला कचरा आणि काळी सैनिक माशी: माशी पाळू नका, फक्त अळी सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची १८० सदनिकांची सोसायटी, रोज साधारण ९० किलो ओला कचरा. खताच्या पेट्या आहेत, पण पावसाळ्यात त्यांचा चिखल होतो आणि अळ्या दिसल्या की रहिवाशांच्या तक्रारी सुरू होतात. एका विक्रेत्याने काळ्या सैनिक माशीचं (ब्लॅक सोल्जर फ्लाय किंवा बीएसएफ, हिच्या अळ्या ओला कचरा खातात) पूर्ण युनिट सुचवलं आहे. माशांचा पिंजरा, अंडी, अळ्या, सगळं आवारातच. हे जमेल का, जागा किती लागेल, वास येईल का आणि निघालेल्या मालाचं काय करायचं, असा कमिटीचा प्रश्न आहे.

अळ्या वाढवणं नक्की जमेल. माशी पाळून अंडी घेण्याचं काम मात्र सोसायटीने अंगावर घेऊ नये. पाच दिवसांच्या लहान अळ्या, म्हणजे पिल्लं, बाहेरून आणा, बारा दिवस कचऱ्यावर वाढवा, काढा आणि आवाराबाहेर पाठवा. असं का, ते आधी सांगतो, कारण बाकीचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

या माशीचं आयुष्य उबेवर चालतं. २७ ते ३० अंश तापमानात अंडी साधारण चार दिवसांत फुटतात. अळी दोन-अडीच आठवडे खाते, मग काळपट होऊन कोरडी जागा शोधते आणि तिचा कोष होतो. कोषातून साधारण दोन आठवड्यांत माशी बाहेर पडते. ती आठवडाभर जगते, अन्न खात नाही, फक्त पाणी पिते, मीलन करते आणि अंडी घालून मरते. मीलनासाठी तिला लख्ख ऊन लागतं. ठाण्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, तेव्हा पिंजऱ्यात माशा भरपूर दिसतात पण अंड्यांच्या फळ्या रिकाम्या राहतात. खास दिवे लावून हे सावरता येतं, पण वीज गेली, दिवा बिघडला किंवा सांभाळणारा माणूस आठ दिवस गावाला गेला की पिढीची साखळी तुटते. ती पुन्हा जुळायला महिना-दीड महिना जातो आणि तेवढे दिवस ९० किलो कचरा रोज येतच राहतो. एक ग्रॅम अंड्यांमधून तीस-पस्तीस हजार पिल्लं निघतात, म्हणजे एक नीट चाललेलं पैदास केंद्र बऱ्याच सोसायट्यांना पिल्लं पुरवू शकतं. पैदास ते करू दे.

रहिवाशांना आधी एक गोष्ट दाखवा. तुमच्या खताच्या पेट्यांत दिसणाऱ्या अळ्यांमध्ये ही माशी बहुधा आधीच आहे, ती मुंबई परिसरात आपोआप येते. घरमाशीची अळी पांढरी, गुळगुळीत आणि एका टोकाला निमुळती असते. सैनिक माशीची अळी चपटी, खरबरीत, मळकट पिवळसर, अंगावर ठळक वळ्या असलेली, आणि मोठी झाली की बोटाच्या एका पेराएवढी होते. तिची माशी लांबट, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण तिला नांगी नाही, ती चावत नाही आणि ताटावर बसायला घरात येत नाही. एका पांढऱ्या बशीत दोन्ही अळ्या शेजारी ठेवून दाखवल्या की निम्मा विरोध मावळतो.

आता हिशेब. ९० किलोतून करवंट्या, शहाळी, उसाचं चिपाड, मक्याची कणसं, आंब्याच्या कोयी, हाडं, कोळंबीची सालं, कांदा-लसणाची कोरडी सालं आणि निर्माल्य बाजूला काढा. अळ्या यातलं बहुतेक काही बारा दिवसांत खात नाहीत. निर्माल्यात तर दोरे आणि फवारणी केलेली फुलं असतात. ते सगळं जुन्या खतपेटीत जाऊ दे, पेट्या काढून टाकू नका. उरतो ७५ किलो.

स्वित्झर्लंडच्या इवॅग संस्थेने इंडोनेशियात बसवलेलं माप आपल्या हवेलाही चालतं: ६० बाय ४० सेंटिमीटरचा, १७ सेंटिमीटर खोलीचा प्लॅस्टिक क्रेट, त्यात पाच दिवसांची दहा हजार पिल्लं आणि बारा दिवसांत एकूण १५ किलो कचरा. पहिल्या दिवशी ५ किलो, पाचव्या दिवशी ५, आठव्या दिवशी ५. बाराव्या दिवशी काढणी. म्हणजे ७५ किलोसाठी रोज पाच नवे क्रेट सुरू होतात आणि एका वेळी ६० क्रेट भरलेले असतात. धुण्यासाठी आणि अडीअडचणीला दहा जास्त धरा. सहा-सहाची चळत, मधून हवा खेळेल असे लाकडी पट्टे, चालायला वाट, कचरा निवडायचं टेबल, चाळणी आणि धुण्याची जागा धरून दोनशे ते अडीचशे चौरस फूट पुरतात. रोज पन्नास हजार पिल्लं लागतील. पुरवठादार रोज येणार नाही, तर दिवसाआड एक लाख घ्या. निम्मी त्याच दिवशी सोडा, निम्मी ओलसर गव्हाच्या कोंड्यात पातळ पसरून दुसऱ्या दिवशी सोडा.

पिल्लं मोजून घ्या. ‘एक लाख’ असं पिशवीवर लिहिलेलं पुरेसं नाही. पिल्लं कोंड्यापासून चाळून सगळ्यांचं वजन करा, मग दोन ग्रॅमचा नमुना पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली मोजा आणि गुणाकार करा. दहाच्या जागी सहा हजारच पिल्लं पडली तर कचरा उरतो, सडतो, घरमाशी शिरते, आणि दोष मात्र पद्धतीला लागतो. उलट पंधरा हजार पडली तर अळ्या लहान राहतात आणि उपाशी फिरतात. पिल्लांची गाडी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर यावी. दुपारी घोडबंदरच्या कोंडीत बंद टेम्पोत अडकलेली पिशवी उकडून निघते. पिशवीचं तोंड कापडाने बांधलेलं असावं, प्लॅस्टिकने नव्हे.

खरं काम पाण्याचं आहे. ही पद्धत जिथे फसते तिथे बहुतेक वेळा कचरा जास्त ओला असतो. अळ्यांना ७० ते ८० टक्के ओलावा हवा. आपल्या घरातला कचरा, म्हणजे आमटीचं उरलेलं पातळ, ताक, कलिंगडाची सालं, कोबीची पानं, सहज ८५ टक्क्यांवर जातो. पाच टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, क्रेटमध्ये मात्र त्याने काला होतो. हवा आत जात नाही, तळाशी सडका वास सुटतो आणि अळ्या वर येऊन भिंतीवर चढू लागतात.

तपासायची रीत सोपी आहे. बारीक केलेला कचरा हातमोजा घालून मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून पाच-सहा थेंब पडले तर ठीक. धार लागली तर जास्त ओला. एकही थेंब नाही तर थोडं पाणी शिंपडा, पण ठाण्यात ही वेळ एप्रिल-मे सोडून क्वचितच येते. जास्त ओला असेल तर पहिला उपाय निथळणं: मोठ्या छिद्रांच्या टोपलीत किंवा जाळीच्या ड्रममध्ये दोन तास ठेवा. हे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडा, पावसाळी गटारात अजिबात नको. निथळूनही ओलावा राहिला तर गव्हाचा कोंडा घाला. दहा किलो कचऱ्यात ८५ टक्के पाणी असेल तर सुका भाग दीड किलो. त्यात एक किलो कोंडा घातला की सुका भाग जवळपास २.४ किलो होतो आणि ११ किलोत ओलावा ७८ टक्क्यांवर येतो. कोंडा अळ्या खातातही, त्यामुळे तो वाया जात नाही. भाताचं तूस किंवा कोकोपीट स्वस्त पडतं आणि मिश्रण मोकळं ठेवतं, पण त्यात खाण्यासारखं काही नाही, म्हणून थोडंच. बेकरीचा शिळा पाव मिळाला तर कोंड्याचा खर्च बराच वाचतो.

श्रेडरचीही काळजी इथेच घ्यायची. तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे हवेत. सोसायट्यांना विकली जाणारी बरीच यंत्रं कचऱ्याची चटणी करतात आणि चटणीत हवा राहत नाही. मोठी जाळी बसवून घ्या. श्रेडरआधी हाताने निवडणं टाळू नका. एक चमचा किंवा बॅटरीचा सेल पात्यात गेला तर यंत्र जातं, आणि सेल फुटून मिश्रणात गेला तर माल जातो, कारण कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या अंगात साठतो.

पाच किलोचा थर क्रेटमध्ये साधारण दोन सेंटिमीटरचा होतो. कचरा जास्त आला म्हणून एका क्रेटमध्ये आठ-दहा किलो टाकायचा मोह होतो. तो आवरा. मोठ्या अळ्या स्वतः उष्णता सोडतात. मे महिन्यात शेडमध्ये ३६ अंश असेल तर जाड थराच्या मध्यभागी पारा ४५ च्या पुढे जातो आणि अळ्या पळतात किंवा मरतात. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर रोज दुपारी तीन वाजता दोन-तीन क्रेटमध्ये खुपसून बघा. ४० दिसलं की चळत मोकळी करा, थर हाताने उकरा, पंखा लावा. पत्र्यावर हिरवी नेट ताणल्यानेही बराच फरक पडतो.

मिश्रणात काय किती, हे रोजच्या कचऱ्यावर ठरेल, पण काही हद्दी पाळा. नुसता भात देऊ नका. तो गोळा होतो, आंबतो आणि अळ्या गोळ्याच्या बाहेरूनच खात राहतात. भात आणि भाजीची देठं-सालं निम्मी-निम्मी मिसळा. मासळीचं पोट, कल्ले, उरलेली चिकनची रस्साभाजी अळ्यांना आवडते, पण एकूण वजनाच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा, नाहीतर अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, फरसाणाचं तेल बाजूला काढा. मिठाचं प्रमाण वाढलं की अळीची वाढ खुंटते आणि मीठ शेवटी खतातच उतरतं. तेलाचा तवंग आला की अळ्यांना श्वास घेता येत नाही. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळीची सालं बिनधास्त टाका. लिंबू-संत्र्याची सालं मूठभर चालतात.

वासावरून दोष ओळखता येतो. आंबट वास म्हणजे कचरा येण्याआधीच आंबलेला, तो थोडाफार चालतो. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे मांस-मासळी किंवा डाळ जास्त. कुजलेल्या अंड्याचा वास म्हणजे तळाला हवा नाही. हा तिसरा आला तर थांबू नका. क्रेट उकरा, कोंडा किंवा तूस मिसळा आणि पुढचं खाणं एक दिवस पुढे ढकला. नीट चालणाऱ्या क्रेटला ओल्या मातीचा किंचित उग्र वास असतो आणि तो शेडच्या दाराबाहेर जात नाही.

अळ्या भिंतीवर का चढतात, ते एकदा जवळून बघा. कोरड्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्यांची पकड बसत नाही. भिंतीला पाण्याची पातळ फिल्म असली की तिला चिकटून त्या सरळ वर जातात. ठाण्यात जुलैच्या दमट हवेत रात्रभर क्रेटच्या भिंतींवर दव जमतं आणि सकाळी शेडभर अळ्या फिरताना दिसतात. सफाई कामगार घाबरतात, कमिटीच्या ग्रुपवर फोटो फिरतात. उपाय दोन: संध्याकाळी जाताना भिंती कोरड्या कापडाने पुसून कडेने कोरड्या कोंड्याची बोटभर रुंद पट्टी टाका, आणि एक्झॉस्ट फॅन रात्रीही चालू ठेवा. क्रेटवर झाकण नको, मच्छरदाणीची जाळी हवी. पहिले तीन दिवस ती नक्की घट्ट बसवा, कारण पिल्लं लहान असताना घरमाशी अंडी घालायला शिरते. पुढे अळ्यांची दाटी झाली की घरमाशीला तिथे थारा मिळत नाही.

शेडची जागा निवडताना पहिल्या मजल्याच्या बेडरूमच्या खिडक्यांपासून लांब जा. बेसमेंट आणि स्टिल्ट पार्किंग नकोच. बाहेरून अर्ध्या इंचाची जीआय जाळी उंदीर-घुशींसाठी, आतून मच्छरदाणी, जमिनीला उतार, गटाराच्या तोंडाला बारीक जाळी. रॅकचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाटीत उभे ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत पिल्लांचा क्रेट साफ करतात. मुंग्यांसाठी खडू ओढू नका, स्प्रे मारू नका. त्याहून मोठा धोका धुराच्या फवारणीचा. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियासाठी महापालिकेची किंवा सोसायटीने बोलावलेली फवारणी होते आणि ते औषध अळी आणि डासात भेद करत नाही. फवारणीच्या दिवशी शेड ताडपत्रीने बंद करा, दोन तास फॅन बंद ठेवा, फवारणाऱ्याला त्या बाजूने जाऊ देऊ नका. सुपरवायझरच्या टेबलावर हे लिहून लावा. इमारतीतल्या झुरळांच्या पेस्ट कंट्रोलनंतर दोन दिवसांचा कचराही अळ्यांना देऊ नका, तो खतपेटीत जाऊ दे.

काढणी बाराव्या दिवशी. अळ्या मळकट पिवळ्या, फुगीर असाव्यात. शंभरात चार-पाच काळ्या पडलेल्या दिसल्या की वेळ झाली. उशीर केला तर त्या खाणं थांबवतात, वजन घटतं, साल जाड होते, आणि पळालेल्यांच्या पुढे माशा होतात. आठव्या दिवसानंतर खाणं न दिल्यामुळे खालचा माल सुकून चहाच्या चोथ्यासारखा भुरभुरीत व्हायला हवा. मग ३ मिलिमीटरच्या चाळणीत अळ्या वर राहतात आणि खत खाली पडतं. पावसाळ्यात हा माल सुकत नाही, चाळणी लिंपते आणि माणसं हाताने अळ्या वेचत बसतात. म्हणून जून ते सप्टेंबर शेवटचं खाणं ५ ऐवजी ३ किलोच द्या आणि त्यात कोंडा जास्त घाला. दहाव्या आणि अकराव्या दिवशी क्रेट उकरून पंख्यासमोर ठेवा. वाचलेला कचरा त्या चार महिन्यांत खतपेटीत जाईल. ठाण्यात पूर्ण ७५ किलो वर्षभर अळ्यांवर टाकता येतील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एका क्रेटमधून दोन ते अडीच किलो ताज्या अळ्या आणि तीन-चार किलो खत निघतं. रोजचे पाच क्रेट म्हणजे १० ते १२ किलो अळ्या आणि १५ ते २० किलो खत. सुकवल्यावर अळ्यांचं वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. सुक्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. भात-पाव जास्त दिला की चरबी वाढते. या चरबीत खोबरेल तेलात असतं ते लॉरिक आम्ल भरपूर असतं.

ताज्या अळ्या विकायच्या तर शहापूर, मुरबाड, कर्जत, पनवेल भागातले गावठी कोंबड्या पाळणारे आणि शोभेचे मासे पाळणारे हे खरे गिऱ्हाईक. जिवंत अळ्या पिशवीत कोंबू नका, स्वतःच्याच उबेने गुदमरतात. क्रेटमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ थर, वर कोरडा कोंडा. कोंबडीच्या रोजच्या खाद्यात दहाव्या हिश्शापेक्षा जास्त अळ्या नकोत. साठवायच्या असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा. त्याने जंतू कमी होतात आणि अळी लगेच मरते. मग ऑक्टोबर ते मे उन्हात, पावसाळ्यात ६० अंशांच्या ड्रायरमध्ये सुकवा. बोटांत कुडकुडीत मोडली पाहिजे. लवचिक राहिली तर बुरशी येते, आणि हवाबंद डब्यात ठेवली नाही तर चरबीला खवट वास येतो.

मोठ्या खाद्य कंपनीला माल देऊ असं विक्रेता सांगत असेल तर एक प्रश्न विचारा: अळ्या कशावर वाढल्या, हे कागदावर देता येईल का? युरोपात माशांच्या खाद्यात कीटक-प्रथिनांना २०१७ मध्ये आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण घरगुती आणि हॉटेलच्या उष्ट्यावर वाढलेल्या अळ्यांना नाही. निर्यातीशी संबंध असलेला खरेदीदार सोसायटीचा माल घेणार नाही. वाशीच्या एपीएमसी बाजारातला निव्वळ फळभाजीचा कचरा वेगळा ठेवून चालवलेलं केंद्र आणि सोसायटीतलं मिश्र उष्टं, हे दोन वेगळे धंदे आहेत. तुमच्या मालाला गाई-म्हशी-शेळ्यांच्या खाद्यातही जागा नाही. पिल्लं, कोंडा आणि दोन माणसांच्या सकाळच्या चार तासांची मजुरी धरली तर अळ्यांच्या विक्रीतून खर्च निघेल असं गृहीत धरून ठराव करू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. हा खर्च कचरा जिरवण्याच्या खात्यात धरा. अळ्यांचे पैसे आले तर ते वरकड.

खत लगेच कुंडीत घालू नका. ताज्या खतात अमोनिया असतो, कोवळी मुळं जळतात. ढीग करा, मूठ दाबल्यावर ओलसर लागेल इतकं पाणी मारा, आठवड्यातून एकदा उलटा, तीन-चार आठवडे मुरू द्या. मग कुंडीच्या दहा भाग मातीला एक भाग. खात्री करायची असेल तर मेथीचे वीस दाणे त्या मिश्रणात आणि वीस साध्या मातीत पेरा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखे उगवले तर खत तयार आहे.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये करा. हवा कोरडी असते, दुपारी पुरेशी ऊब असते, रात्री थोडा गारवा असला तरी अळ्या फार तर एक-दोन दिवस उशिरा तयार होतात. पहिले दोन महिने रोज एकच क्रेट, म्हणजे १५ किलो कचरा आणि दहा हजार पिल्लं. बाकी सगळं पूर्वीसारखं खतपेटीत. पिल्लं पुरवणाऱ्याशी आधीच लेखी ठरवा की जुलै-ऑगस्टमध्ये पुरवठा निम्म्यावर आला तर तो किती दिवस आधी कळवेल. प्रत्येक क्रेटला चिकटपट्टीवर तारीख, पिल्लांचं वजन, तीन खाण्यांचं वजन आणि काढणीचं वजन लिहा. सलग दहा क्रेट बाराव्या दिवशी कोरडे चाळले गेले आणि प्रत्येकातून दोन किलोच्या वर अळ्या निघाल्या, की रोज दोन क्रेट करा. एखाद्या क्रेटमध्ये दीड किलोच निघाल्या, तर वाढवण्याआधी त्या क्रेटची पट्टी वाचा. पिल्लं कमी होती, की आठव्या दिवसाचं खाणं जास्त ओलं होतं, ते तिथेच लिहिलेलं सापडेल.